तालमीत जिंकलेल्याचा फेटा: एमएमएमधला सर्वांत थोर कोण, हा वाद मिटत का नाही?

सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरली होती, पाळण्यांचे दिवे लागले होते, आणि आम्ही तिघं चहाच्या टपरीवर तासभर एकाच विषयावर भांडत होतो. एक माझा पुतण्या, वय एकोणीस, दोन वर्षांपासून सोलापुरातल्या एका जिममध्ये एमएमए, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतींचा खेळ, शिकतो. दुसरे माझे जुने वस्ताद. सत्तरी ओलांडली, पण मोडलेले कान बघूनच माणूस कोण ते कळतं.

वादाला सुरुवात झाली ती जिममधल्या एका पोरावरून. "काका, रोज सगळ्यांना आपटूलालाय तो," पुतण्या सांगत होता. "वजनाने पंधरा किलो जास्त असलेल्यालाही सोडत नाही. पण स्पर्धेत उतरला की काय होतं कळत नाही, दोनदा पहिल्याच राऊंडला हरला. तरी मी सांगतो, खरा चांगला तोच."

वस्तादांनी बशी खाली ठेवली. "तालमीत जिंकलेल्याला फेटा बांधलाय का रं कुणी कधी?"

यावर पुतण्याने मोबाईल काढला आणि जगातले सर्वांत थोर लढवय्ये कोण याची स्वतःची यादी दाखवली. मग काय, चहाची दुसरी फेरी आली. मला हे दोन वाद वेगळे वाटत नाहीत. सर्वांत थोर कोण, आणि जिममध्ये भारी असलेला खरंच भारी का, या दोन्हींच्या तळाशी प्रश्न एकच आहे: पुरावा कशाला म्हणायचं? तो प्रश्न नीट मांडला की अर्धं भांडण आपोआप निवळतं. उरलेलं अर्धं मात्र राहतं, आणि ते का राहतं हेही सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं खेळाबद्दल. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, यात मुक्का, लाथ, गुडघा, कोपर, कुस्तीची पकड आणि जुजुत्सूचे सांधा मुरगळायचे व गळा आवळायचे डाव, सगळं चालतं. डोळ्यात बोट, जांघेत मार, खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ, हे चालत नाही. राऊंड पाच मिनिटांचा. साधी लढत तीन राऊंडची, विजेतेपदाची किंवा रात्रीची मुख्य लढत पाच. समोरचा बेशुद्ध पडला, पंचाने थांबवलं, किंवा त्याने हाताने थोपटून हार मानली की निकाल लागला. तसं झालं नाही तर पिंजऱ्याबाहेर बसलेले तीन परीक्षक गुण देतात: राऊंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9. "म्हणजे निकाली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती," वस्तादांनी एका वाक्यात आटोपलं. बरोबरच आहे.

या खेळाची सर्वांत मोठी संस्था अमेरिकेतली यूएफसी. तिची पहिली स्पर्धा 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हर शहरात झाली. तेव्हा वजनगट नव्हते, हातमोज्यांची सक्ती नव्हती आणि एका रात्रीत तीन लढती जिंकाव्या लागत. त्या रात्री जिंकला रॉयस ग्रेसी, ब्राझीलचा, ऐंशी किलोच्या आसपासचा सडपातळ माणूस. त्याच्याकडे मी नंतर परत येणार आहे, कारण जिम विरुद्ध मैदान या वादातली सर्वांत सुंदर गोष्ट त्याच्याच घरातली आहे.

आता पुतण्याची यादी. सगळ्यात वर खबीब नुरमागोमेदोव. रशियातल्या दागेस्तानचा, कुस्तीत वाढलेला. 29 लढती, 29 विजय. 2020 च्या जुलैमध्ये वडील गेले, तेच त्याचे प्रशिक्षक होते. ऑक्टोबरमध्ये त्याने शेवटची लढत जिंकली, पिंजऱ्याच्या मधोमध हातमोजे काढून ठेवले आणि निवृत्ती जाहीर केली. "एकदाही हरला नाही काका, यापुढे काय बोलायचं?"

बोलायचं बरंच आहे. खबीबने विजेतेपद राखलं ते तीन वेळा. डिमेट्रियस जॉन्सन या 57 किलोच्या लहानखुऱ्या माणसाने ते सलग 11 वेळा राखलं. अँडरसन सिल्व्हाने 10 वेळा, आणि यूएफसीत सलग 16 लढती जिंकल्या. कॅनडाच्या जॉर्ज सेंट पिएरने सलग 9 वेळा. मग न हरलेला मोठा की जास्त वेळ गादीवर बसलेला मोठा?

पुढे जॉन जोन्स. 2011 मध्ये 23 व्या वर्षी विजेता झाला, यूएफसीच्या इतिहासातला सर्वांत तरुण. नोंदीत एकच पराभव, तोही 2009 मध्ये सरळ वरून खाली कोपर मारल्याबद्दल बाद ठरवल्यामुळे. आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तर ती बंदीच नियमांतून काढून टाकली गेली. पुढे हेवीवेटचं, म्हणजे सर्वांत जड गटाचं, विजेतेपदही मिळवलं. कौशल्य म्हणाल तर अंगावर काटा येतो. पण उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत तो अडकला, आणि 2017 मध्ये डॅनियल कॉर्मिएवर मिळवलेला विजय रद्द झाला. वस्तादांनी एवढं ऐकलं आणि जोन्सचं नाव यादीतून स्वतःच्या हाताने खोडल्यासारखी बोटं हलवली. सिल्व्हाही 2015 मध्ये चाचणीत सापडला होता.

मग फ्योदोर एमेलियानेंको. शरीराने हेवीवेटमध्ये फार मोठा नाही, चेहऱ्यावर रेष हलायची नाही. 2000 च्या डिसेंबरमध्ये कातडी फाटल्यामुळे लढत गेली, त्यानंतर 2010 च्या जूनपर्यंत तो हरलाच नाही, आणि यातला मोठा काळ जपानमधल्या प्राईड या स्पर्धेतला. यूएफसीत तो कधी लढलाच नाही. आणि अमांडा नुनिस, जिचं नाव पुतण्याच्या यादीत नव्हतं म्हणून मी त्याला चांगलंच झापलं. दोन वजनगटांची विजेती. रोंडा राऊझीला 48 सेकंदांत आणि क्रिस सायबोर्गला 51 सेकंदांत संपवलं. स्वतःच्या काळातल्या दोन सर्वांत भीतिदायक नावांना मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. हे पुरुषाने केलं असतं तर दुसरं नावच निघालं नसतं.

बघा, प्रत्येक जण वेगळी मोजपट्टी घेऊन बसलाय. कुणी बघतो की त्या माणसाचा सर्वांत चांगला दिवस किती चांगला होता. कुणी बघतो की तो किती वर्षं टिकला. कुणी विचारतो, समोर कोण कोण होतं? वस्ताद विचारतात, अंगात कुठलं औषध घालून लढला? चारही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांची उत्तरं एका माणसात येत नाहीत. आणि भांडताना कुणी सांगत नाही की मी कुठली पट्टी वापरतोय. उलट आपला माणूस ज्या पट्टीवर उंच भरतो ती पट्टी आपण नकळत उचलतो. मीही उचलतो.

त्यात वजनाची भर. 57 किलोचा जॉन्सन आणि शंभर किलोच्या वरचा फ्योदोर यांची लढत होणारच नाही. म्हणून 'वजन समान धरलं तर' अशी कल्पना मुष्टियुद्धातून आली. ती कल्पनाच आहे, मोजमाप नव्हे. शिवाय एकाच वजनात असूनही काही लढती होतच नाहीत. खबीब आणि टोनी फर्ग्युसन यांची लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. 2017 मध्ये तर वजन उतरवताना खबीबला रुग्णालयात न्यावं लागलं. ती लढत न झाल्याने जो रिकामा चौकोन राहिलाय, तो ज्याने त्याने आपल्या मनाने भरलाय.

आणि ज्या लढती होतात त्यांतही निकाल कुणाच्या नजरेवर अवलंबून असतो, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. 2023 च्या जानेवारीत पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड, दोघंही आपलेच, समोरासमोर आले. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले आणि ते बरोबर की चूक यावर सगळा महाराष्ट्र मोबाईलवर तो एकच क्षण मागेपुढे करून बघत बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेला हरवून सिकंदरने गदा घेतली. जानेवारीचा सिकंदर आणि नोव्हेंबरचा सिकंदर यांत दहा महिन्यांत किती फरक पडला असेल? माझ्या मते फार नाही. नोंदीत मात्र एका ठिकाणी हार आहे आणि एका ठिकाणी गदा.

इथे थोडं गणित करू, अवघड नाही. समजा एक लढवय्या इतका चांगला आहे की दहापैकी नऊ लढती तो जिंकणारच. असा माणूस सलग दहा लढती जिंकेल याची शक्यता किती? 0.9 हा आकडा दहा वेळा मांडून एकमेकांशी गुणायचा. उत्तर येतं साधारण 35 टक्के. म्हणजे इतका भारी माणूसही तीनपैकी दोनदा कुठेतरी घसरतो. सलग 29 जिंकायच्या असतील तर शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली जाते. खबीबची 29 शून्य ही नोंद म्हणूनच विलक्षण आहे. पण तेच गणित उलटं वाचा: एखाद्याच्या नोंदीत एक हार आहे म्हणून तो कमी ठरत नाही. 2007 च्या एप्रिलमध्ये मॅट सेरा नावाच्या जुजुत्सूच्या माणसाने सेंट पिएरला मुक्क्यांनी पहिल्याच राऊंडमध्ये संपवलं. सेरा जिंकेल असं म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वर्षभराने परत लढत झाली आणि सेंट पिएरने त्याला उभं राहू दिलं नाही. या दोघांत चांगला कोण, याचं उत्तर पहिल्या लढतीने चुकीचं दिलं होतं.

मोठा लढवय्या वर्षाला दोन, फार तर तीन लढती खेळतो. प्रत्येकी पंधरा मिनिटं धरा. वर्षभराचं मैदान पाऊण तासाचं. एवढ्याशा वेळात नशिबाला हात घालायला भरपूर जागा असते.

आता जिमकडे बघा. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला पाच राऊंड असं धरलं तर वर्षाला हजार राऊंड होतात. पुतण्याचा मुद्दा इथे खरा आहे आणि मी तो मनापासून मान्य करतो: हजार राऊंड बघणाऱ्याला त्या पोराबद्दल जे कळलंय, ते दोन लढती बघणाऱ्याला कळणार नाही. अडचण एकच. ते हजार राऊंड वेगळ्याच गोष्टीचे आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच हंडीतलं हवं. लढतीचा नमुना त्याच हंडीतला आहे, पण शितं दोनच. जिमचा नमुना पातेलंभर आहे, पण हंडी दुसरी. हा वाद मिटत नाही तो यामुळे.

हंडी दुसरी कशी, ते जरा सावकाश सांगतो, कारण इथे लोक "टेन्शन येतं" एवढं म्हणून पुढे जातात.

सर्वांत साधी गोष्ट हातमोज्यांची. सरावात बहुतेक ठिकाणी 16 औंसांचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचे गुबगुबीत मोजे, डोक्याला टोप, नडगीला गादी. लढतीत 4 औंसांचे, सव्वाशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. मोठ्या मोज्यामागे चेहरा लपतो; लहान मोजा दोन हातांच्या फटीतून सरळ आत येतो. जिममध्ये तीन मुक्के खाऊन चौथा मारणारा माणूस चांगला दिसतो. मैदानात त्याला चौथा मारायची संधीच मिळत नाही.

दुसरं, जोडीदार. रोज त्याच सहा जणांशी लढलं की त्यांच्या सवयी पाठ होतात. कोण डाव्या पायावर भार देतो, कोण दमला की हात खाली सोडतो. तुम्ही त्या सहा जणांपेक्षा चांगले झालात, हे खरं. पण अनोळखी माणूस पहिल्या मिनिटात वाचणं ही वेगळी विद्या आहे. आपल्याकडे खडाखडी म्हणतात ना, हातात हात अडकवून एकमेकांचा अंदाज घ्यायचा, ती विद्या. ओळखीच्या माणसाबरोबर तिचा सराव होतच नाही.

तिसरं, सराव हा जिंकण्यासाठी नसतो. चांगला मल्ल तालमीत मुद्दाम वाईट जागी जाऊन बसतो, आपला हुकमी डाव बाजूला ठेवतो, कच्चा डाव लावून बघतो. तो त्या दिवशी हरलेला दिसतो. आणि शेजारचा रोज हुकमी डावच लावतो, रोज जिंकतो, दोन वर्षांनी तिथेच असतो. म्हणजे तालमीत कोण कुणाला पाडतो याचा हिशेब ठेवणारा चुकीच्या वहीत लिहितोय.

चौथं वजन. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं, त्याआधी घाम काढून अंगातलं पाणी उतरवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी खाऊनपिऊन वजन वाढतं, पण दम त्याच वेगाने परत येतोच असं नाही. जिममध्ये तुम्ही रोज पोटभर जेवलेले असता.

आणि मग ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो.

मी बारावीत असताना वस्तादांच्या तालमीत माझ्या वजनात मला पाडणारा कुणी नव्हता. ढाकेचा डाव चांगला लागायचा. रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात केली होती, आता इनामाच्या कुस्तीला नाव दिलं. सोलापूरपासून तासाभरावरच्या गावाची जत्रा. हौद्याभोवती माणूसच माणूस, हलगीचा कडकडाट. शड्डू ठोकला तोवर ठीक होतं. हातात हात गेला आणि घसा एकदम कोरडा पडला. पोटऱ्या दगडासारख्या. समोरचा पोरगा काही विशेष करत नव्हता, तरी मला तो चार हातांचा वाटत होता. दीड मिनिटात आकाश दिसलं. घरी येताना एसटीत वस्ताद एवढंच म्हणाले, "तू लढत नव्हतास. हात कुठं ठेवायचा ते आठवत होतास."

हे वाक्य तीसेक वर्षं माझ्याबरोबर आहे. पुढे वाचन केलं तेव्हा कळलं की शास्त्र नेमकं हेच सांगतं. अंगात मुरलेलं कौशल्य विचार न करता चालतं. जिना उतरताना आपण पायऱ्या मोजत नाही. मोजायला लागलो की अडखळतो. आपल्याकडे यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराची बोटं बघा, डोळा लवायच्या आत गाठ बसते. मालक मागे येऊन उभा राहिला आणि त्याने बोटांकडे लक्ष दिलं की तीच गाठ दोनदा सुटते. कौशल्य कुठे गेलेलं नसतं. लक्ष चुकीच्या जागी गेलेलं असतं.

दुसरा भाग शरीराचा. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यातून पुढे जो नियम सांगितला जाऊ लागला तो असा: उत्तेजना अगदी कमी असली तर काम वाईट होतं, वाढली तर सुधारतं, आणि एका टोकापलीकडे गेली की परत बिघडतं. काम जितकं नाजूक तितकं ते टोक लवकर येतं. वजन उचलायचं असेल तर घाबरलेला माणूसही उचलेल, कदाचित जास्तच. पण समोरच्याचा तोल नेमका कधी गेला हे ओळखून टांग मारायची असेल तर तेवढ्याच उत्तेजनेत हात चुकतो. अॅड्रेनलिन भसकन येतं, छाती धडधडते, मूठ आवळली जाते, आणि दोन मिनिटांत हात भरून येतात. एमएमएवाले याला घाबरतात ते उगीच नाही. जिममधला तोच माणूस दहा मिनिटं पळायचा, इथे तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडतो.

सोलापूरकराला हे समजायला पिंजऱ्यापर्यंतही जावं लागत नाही. सिद्धेश्वर यात्रेआधी नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलण्याचा सराव चालतो तो बघा आणि मग यात्रेच्या दिवशी बघा. ध्वज तोच, रस्ता तोच, कमरेचा पट्टा तोच. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंना गर्दी असते, हर्र बोला हर्रचा घोष असतो, आणि 68 लिंगांपर्यंत जायचं असतं. सरावात न डळमळणारा गडी त्या दिवशी डळमळू शकतो, आणि सरावात साधारण वाटणारा त्या दिवशी खांबासारखा चालतो. जुने मानकरी म्हणूनच नुसती ताकद बघत नसावेत असं मला वाटतं.

आता रॉयस ग्रेसीच्या घरात जाऊ. 1993 मध्ये तो जिंकला तेव्हा त्याने जगाला सांगितलं की माझा थोरला भाऊ रिक्सन माझ्यापेक्षा दहापट चांगला आहे. त्या घरात, त्यांच्या जिममध्ये सगळे तेच म्हणत. रॉयसला उतरवण्यामागे एक हेतू असाही होता की बारीक माणूस जिंकला तर विद्या दिसेल. मग रिक्सन? तो जपानमध्ये लढला, 1997 ला टोकियो डोममध्ये ताकादाला हरवलं, 2000 मध्ये फुनाकीला हरवून थांबला. त्याच्या नावावर चारशेच्या वर विजय आणि शून्य हार असं सांगितलं जातं. त्यात सराव, जुजुत्सूच्या स्पर्धा, सगळं धरलेलं आहे. एमएमएच्या नोंदीत अकरा विजय दिसतात, हार नाही.

रिक्सन थोर होता का? त्याच्याबरोबर चटईवर उतरलेल्या माणसांची साक्ष मी खोटी मानत नाही. ती माणसं स्वतः कसलेली होती आणि ती एकमुखाने बोलतात. पण ती साक्ष सांगते की त्याला जुजुत्सू किती येत होतं. मोठ्या कुस्तीगीरासमोर, पाचव्या राऊंडमध्ये, फुटलेल्या नाकाने त्याने काय केलं असतं, हे ती सांगत नाही. ते सांगायला तो दिवस उगवायला हवा होता. म्हणून त्या घरातला थोर विद्यावान कोण असं विचारलं तर रिक्सन म्हणेन. खेळ बदलणारा लढवय्या कोण असं विचारलं तर रॉयसच, कारण त्या रात्री कपाळावर घाम त्याच्या होता.

कधी कधी जिममधली गोष्ट मैदानातच येते. जॉन जोन्स आणि रशाद एव्हन्स एकाच प्रशिक्षकाकडे सराव करायचे. बिनसलं, एव्हन्स बाहेर पडला, आणि 2012 च्या एप्रिलमध्ये अटलांटात दोघं विजेतेपदासाठी लढले. सरावात कोण कुणाला भारी पडायचं यावर आधी बरंच तोंडयुद्ध झालं होतं. पाच राऊंडनंतर परीक्षकांनी जोन्सचा हात उचलला. उलट डॅनियल कॉर्मिए आणि केन व्हेलास्केझ हे कॅलिफोर्नियातल्या एकाच जिमचे सोबती. व्हेलास्केझ हेवीवेटचा विजेता असल्याने कॉर्मिए सरळ खालच्या वजनगटात गेला. मित्राशी लढायचं नाही म्हणून. त्या दोघांत वरचढ कोण हे त्या जिमच्या भिंतींनाच माहीत, आणि मला त्यांचा तो निर्णय फार आवडतो. आपल्याकडेही एका तालमीतली पोरं मैदानात सहसा एकमेकांसमोर सोडत नाहीत.

सरावाबद्दल पुतण्याला मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण त्याच्या वयाची पोरं जिममध्ये रोज डोकी फोडून घेण्याला हिंमत समजतात. मॅक्स हॉलोवे, हवाईचा. त्याने जोरकस स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी लढतीसारखा सराव, जवळजवळ बंद केलं होतं आणि ते उघडपणे सांगितलं. 2021 च्या जानेवारीत त्याने कॅल्विन केटरविरुद्ध पाच राऊंडमध्ये 445 प्रभावी फटके मारले, यूएफसीतला विक्रम. डोक्यावरचा फटका जिमचा की मैदानाचा हे मेंदूला कळत नाही, तो दोन्ही मोजतो. रोज जिममध्ये जिंकणारा पोरगा मैदानात पहिल्याच राऊंडला कोसळतो तेव्हा आणखी एक शक्यता तपासायला हवी: त्याने आपली सहनशक्ती मंगळवारीच खर्च करून टाकली असेल.

"मग काका, तुमच्या मते सर्वांत थोर कोण? फिरवाफिरवी नको," पुतण्या म्हणाला.

सेंट पिएर. आणि कारण सांगतो. 26 विजय, 2 पराभव. एकदा मॅट ह्यूजकडून 2004 मध्ये, एकदा सेराकडून. दोघांनाही परत बोलावून हरवलं, ह्यूजला तर दोनदा. कराटेतून आलेला माणूस, कॅनडाच्या ऑलिंपिक दर्जाच्या कुस्तीगीरांबरोबर सराव करून असा पट काढायला शिकला की लहानपणापासून कुस्ती खेळलेल्यांना त्याने खाली घेतलं. हेन्ड्रिक्सबरोबरची 2013 ची लढत परीक्षकांनी त्याला दिली, पण तो हरला होता असं पुष्कळांना वाटतं, आणि मला स्वतःला ती लढत पुन्हा बघताना खात्री देता येत नाही. तरीही चार वर्षं बाहेर राहून 2017 मध्ये परत आला आणि वरच्या वजनगटात बिस्पिंगचा गळा आवळून विजेतेपद घेतलं.

पण आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. या माणसाने अनेकदा सांगितलंय की लढतीआधी त्याला प्रचंड भीती वाटायची, लढणं त्याला आवडायचं नाही, जिंकणं आवडायचं. म्हणजे घसा कोरडा पडणं, पोटऱ्या दगड होणं, सगळं त्यालाही. तो भीती घालवायच्या मागे लागला नाही, तिच्यासकट चालत गेला. जिम आणि मैदान यांच्यामधला जो पूल मला बारावीत ओलांडता आला नाही, तो त्याने सगळ्या कारकिर्दीत प्रत्येक वेळी घाबरत ओलांडला. माझी पट्टी ही आहे. ती तुमची नसेल, आणि खबीबचं नाव घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

वस्ताद बराच वेळ गप्प होते. यातलं अर्धं त्यांनी पाहिलेलं नाही, पण माणसांचं त्यांना सगळं कळतं. त्यांनी पुतण्याला विचारलं, "तुझ्या त्या पोराला रोज कोण लढत देतं?"

"आम्हीच सहा-सात जण."

"बघायला कोण असतं?"

"कोणी नाही. गाणी लावलेली असतात."

"हरलेल्या दोन कुस्त्यांनंतर त्याने काय केलं?"

पुतण्या विचारात पडला. "सराव वाढवला. आता दिवसातून दोनदा येतो."

वस्ताद उठले, धोतराचा सोगा झटकला. "रविवारी सकाळी तालमीत आण त्याला. शेजारच्या दोन तालमींची पोरं बोलावतो, हलगीवालाही सांगतो. कुणाबरोबर लढायचं ते मात्र त्याला आधी सांगू नकोस."